आवाज नको, हुकूम पाठवा: वायरलेस स्पीकरांविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: आमच्या मंगळवार पेठेतल्या मंडळाचा यंदा पावसाचा देखावा आहे. सरी मागून पुढं सरकत आल्यासारख्या ऐकू याव्यात म्हणून १२ स्पीकर मांडायचेत, पण मांडवात वायरींचं जंजाळ नको. ब्लूटूथवर जमेल का?

ब्लूटूथचा नाद सोडा. ते एका मोबाइलवरून एक-दोन स्पीकरांपुरतं ठीक, आणि आवाज बाहेर पडायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा सहज जातो. वाय-फाय घ्या, पण त्यावरूनही आवाज पाठवू नका. सीडीच्या दर्जाचा आवाज एका स्पीकरला पोचवायचा तर सेकंदाला सुमारे ७ लाख बिट लागतात. १२ स्पीकरांना वेगवेगळा आवाज म्हणजे ८५ लाख. राउटर हे ओझं उचलेलही, पण एखादं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, गळालं की स्पीकर लगेच खरखरतो.

त्यापेक्षा स्पीकरच्या प्रत्येक खोक्यात ईएसपी३२सारखा, वाय-फाय असलेला छोटा संगणक-बोर्ड बसवा आणि आवाज तिथंच तयार होऊ द्या. पाऊस म्हणजे फिल्टरमधून काढलेला नॉइज, म्हणजे रेडिओच्या खरखरीसारखा आवाज. २४० मेगाहर्ट्झच्या बोर्डाला ते जड नाही. नेटवर्कवरून जाईल तो फक्त हुकूम: खोका ४, पाऊस चालू, जोर ६० टक्के. गाणं नाही, स्वरलिपी पाठवायची. त्यासाठी ओपन साउंड कंट्रोल, म्हणजे ओएससी, ही पद्धत १९९७पासून आहे. एक हुकूम काही डझन बाइटांत मावतो.

मेख एकच. ‘पाऊस बंद’ हा हुकूम वाटेत गळाला, तर आरती सुरू झाली तरी कोपऱ्यातला एक खोका बरसतच राहील. म्हणून सुटे हुकूम न देता प्रत्येक खोक्याची सध्याची स्थितीच सेकंदातून पाच-दहा वेळा पाठवत राहा. एक चुकली तर पुढची सावरून घेते. आणि दोन-तीन सेकंद काहीच आलं नाही तर खोक्यानं आपणहून गप्प व्हावं, ही अट कोडमध्ये घालाच.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. दोन खोकी केलीत, ओएससी चालतं, पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायचा वेळ, ३ मिलिसेकंद येतो. तरी दोन्हींतून टिचकी एकदम वाजत नाही, ‘ट-टक’ असं होतं. असं का?

पिंगची सरासरी इथं कामाची नाही. कधी ३, कधी ६०, हा जो चढउतार आहे तो घात करतो. टिचकीसारखा आवाज ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरकानं आला की कानाला दोन सुटे ऐकू येतात. बोलण्यात ३०पर्यंतही खपून जातं.

‘आत्ता वाजव’ असं सांगूच नका. ‘अमुक वेळेला वाजव’ असं १०० मिलिसेकंद आधी सांगा. ओएससीच्या बंडलात, म्हणजे एकत्र बांधलेल्या हुकमांवर, वेळेचा शिक्का मारायची सोय त्यासाठीच आहे. मात्र मग सगळ्या खोक्यांची घड्याळं जुळलेली हवीत, आणि ती एकदा जुळवून भागत नाही. बोर्डाच्या घड्याळाला ठोका देणारा क्रिस्टल २० पीपीएमनं, म्हणजे दहा लाखांत २०नं, जरी चुकला, तरी मिनिटाला १.२ मिलिसेकंद सरकतो, तासाला ७२. दर काही सेकंदांनी मुख्य लॅपटॉपशी वेळ ताडून घ्या.

आता खरा संशयित. ईएसपी३२च्या वाय-फायचं पॉवर सेव्ह, म्हणजे वीज वाचवायला मधूनमधून डुलकी घेणं, मुळातच चालू असतं, ते बंद करा. शिवाय तुम्ही हुकूम मल्टिकास्टनं, म्हणजे एकच पॅकेट सगळ्यांना, पाठवत असाल, तर राउटरला जोडलेलं एकही उपकरण डुलकी घेत असलं की राउटर ती पॅकेट पुढच्या ठरावीक बीकनपर्यंत (राउटर थोड्याथोड्या वेळानं देतो त्या इशाऱ्यापर्यंत) अडवून धरतो, आणि दोन बीकनमधलं अंतर सहसा १०२ मिलिसेकंद असतं. म्हणजे मित्राच्या खिशातला मोबाइल तुमचा ताल बिघडवू शकतो. या राउटरचा पासवर्ड कुणालाही देऊ नका, अगदी अध्यक्षांनाही.

हे सगळं जुळवल्यावर २-३ मिलिसेकंदांचा फरक राहिला तर सोडून द्या. तेवढ्यात ध्वनी मीटरभरच जातो. ऐकणारा एक पाऊल सरकला तरी तेवढा फरक पडतोच.

प्रश्न: आमच्या नाटकाच्या तालमीत सगळं चोख चाललं, प्रयोगाला प्रेक्षक भरले आणि निम्मी खोकी मुकी झाली. राउटर बदलू का?

आधी जागा बदला. माणसाच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं, आणि वर शेकडो मोबाइलांचा गोंगाट. राउटर डोक्यांच्या वर, लाइटच्या बारवर टांगा. १, ६, ११ यांपैकी सर्वांत रिकामा चॅनेल प्रेक्षक आल्यावर तपासून निवडा. आणि खोकी जर प्रत्येक प्रयोगाला त्याच जागी राहणार असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: सरळ वायर ओढा. वायरलेस ही फिरत्या मांडणीची सोय आहे.

प्रश्न: मी गाणं शिकवते. चार कोपऱ्यांत चार खोकी ठेवून तानपुरा करता येईल का?

करा, आणि मला ऐकायला बोलवा! एका खोक्याला एक तार द्या: पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. तार छेडल्याचा आवाज १९८३च्या कार्पलस-स्ट्राँग पद्धतीनं स्वस्तात निघतो. अडतं ते जवारीला, म्हणजे तानपुऱ्याच्या गुंजनाला. जवारी हवी तर तार घोडीला घासते तो परिणाम वेगळा लिहावा लागतो. नाहीतर तानपुऱ्याऐवजी गिटार ऐकू येईल. सुरांची चिंता नको, क्रिस्टलची २० पीपीएमची चूक कानाला कळत नाही.

प्रश्न: तीन वॉटचं खोकं डॉल्बीपुढं टिकेल का?

नाही. मिरवणुकीत नेऊ नका, मांडवातच ठेवा. आणि पॉवर बँकेवर चालवणार असाल तर आधी तासभर शांत ठेवून बघा. पावसाच्या दोन सरींमध्ये खोकं फार कमी करंट ओढतं, आणि पुष्कळ पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून बंद पडतात.