गावात सगळे ‘ताई’ म्हणतात तेव्हा

अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या गावी स्वतःची खोली घेऊन समुपदेशन सुरू करते आहेस, याचा मनापासून आनंद झाला. तिथे या कामाची गरज फार आहे आणि ते करणारी माणसं थोडी. मात्र समुपदेशक आणि क्लायंट यांच्या नात्यातल्या मर्यादांचे अभ्यासक्रमात शिकलेले नियम तिथे पहिल्याच महिन्यात ताणले जातील. क्लायंट तुला ‘ताई’ म्हणेल, तिची सासू तुझ्या आईच्या भिशीत असेल आणि तिचा मुलगा तुझ्या भाच्याच्या वर्गात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मर्यादा वाईट हेतूने फार क्वचित मोडते. बहुतेक वेळा ती मायेपोटी सरकते. सेशन ५० मिनिटांचं ठरलेलं असतं. एक दिवस ती रडत होती म्हणून ते ७५ मिनिटांवर जातं. मग घाई नको म्हणून तिला संध्याकाळची शेवटची वेळ दिली जाते. मग रात्री साडेदहाच्या मेसेजला उत्तर जातं, कारण न दिलं तर बिचारीला झोप लागणार नाही. मग एकदा फी ‘राहू दे’. यातली एकही गोष्ट सुटी पाहिली तर गुन्हा नाही. पण दोन महिन्यांनी ती आठवडा स्वतः निभवायला शिकलेली नसते, तुझ्या उत्तराची वाट बघायला शिकलेली असते. आणि तू तापाने आजारी पडलीस की तिला टाकून दिल्यासारखं वाटतं. ओळखायची खूण सांगते: जे नोंदवहीत लिहायला हात अडतो किंवा सुपरव्हायजरला, म्हणजे आपल्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी समुपदेशकाला, सांगणं आपण पुढच्या वेळेवर ढकलतो, तिथे मर्यादा सरकलेली असते.

पहिल्या सेशनची पहिली १० मिनिटं गोपनीयतेसाठी राखून ठेव. नुसतं संमतिपत्र पुढे करून सही घेऊ नकोस, तोंडी सांग: ‘तुम्ही इथे जे बोलाल ते माझ्याजवळ राहील. पण तुमच्या जिवाला धोका दिसला, तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला गंभीर इजा होईल असं दिसलं, अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर मला योग्य त्या व्यक्तीला सांगावं लागेल. शक्य असेल तेव्हा आधी तुम्हाला सांगूनच मी ते करेन.’ मग त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लाव. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याला असलेले अपवादही आहेत. ते मुळातून वाच.

हे आधी का सांगायचं, ते पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, बाबतीत सगळ्यांत नीट कळतं. २०१२ च्या या कायद्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तरी ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. समुपदेशकाला यात सूट नाही. आणि अठरा वर्षांखाली संमतीला कायद्यात अर्थ नाही, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलीने राजीखुशीने ठेवलेले संबंधही यात येतात. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊन बसलीस आणि मग तिने हे सांगितलं, तर तुला कायदा मोडावा लागेल किंवा तिचा विश्वास. अशी वेळ आली तर खोदून प्रश्न विचारू नकोस, तपास हे आपलं काम नाही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घे, पुढे काय होईल ते तिला समजावून सांग, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर मदत घे. आरोप घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करण्याची चूक करू नकोस. मुलीला गप्प बसवलं जातं आणि ती अजून धोक्यात येते.

आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचार: ‘जीव द्यावासा वाटतो का? कसा द्यायचा ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का?’ विचारल्याने विचार पेरला जात नाही. शेतीच्या गावात कीटकनाशक घरातच असतं, म्हणून ते आज कुणाच्या ताब्यात द्यायचं हे ती खोलीतून निघण्याआधी ठरलं पाहिजे. घरच्या माणसाला फोन तिच्यासमोर, तिला सांगून कर. तुझ्या वेळेबाहेरच्या रात्रींसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा नंबर पहिल्याच दिवशी लिहून दे.

आई-वडील फी भरतात म्हणून त्यांना सगळं कळलं पाहिजे असं त्यांना वाटेल. मुलासमोरच ठरवून टाक: येतो की नाही, सुधारणा आहे की नाही आणि जिवाचा धोका, एवढं त्यांना कळेल; बाकी मुलाच्या परवानगीने. शाळेत काम करशील तेव्हा मुख्याध्यापकांनाही हेच, लेखी.

आता ओळखीपाळखीचं. गावात क्लायंटशी दुसरं कुठलंच नातं नको, असं म्हणून चालत नाही. भाजीवाली, भाच्याची शिक्षिका, पतसंस्थेतला कारकून, यांतलं कुणीतरी येणारच. तेव्हा बघायचं एवढंच, की त्या दुसऱ्या नात्यात तुझ्या हातात त्याचं किंवा त्याच्या हातात तुझं काही अडकलेलं आहे का. तुझं कर्ज ज्याच्या टेबलावर आहे त्याला घेऊ नकोस. जवळचे नातेवाईक, मैत्रिणी, तुझ्याकडे कामाला असलेली माणसं यांना कधीच नाही. त्यांच्यासाठी जिल्ह्यातल्या दोन-तीन समुपदेशकांची नावं तयार ठेव, ‘घरचंच समज’ असा आग्रह झाला तरी. बाजारात भेट झाली तर ओळख दाखवायची की नाही ते क्लायंट ठरवेल, हे पहिल्याच सेशनला सांग. ‘ताई’ म्हणू दे. भाऊबीजेला घरी मात्र जाऊ नकोस.

तिळगूळ घे, पहिल्या पगाराचे पेढे घे, नाकारलेस तर अपमान होतो. साडी, पाकीट, सोनं नाही. घेतलेलं आणि नाकारलेलं दोन्ही नोंदव. फीत सवलत द्यायची तर उत्पन्नावर ठरवलेला दर सगळ्यांना सारखा लाव. एकीला माफी दिलीस की तिला तुझ्यावर रागावण्याचीही सोय उरत नाही, आणि रागावता येणं उपचारात हवं असतं. कामाचा फोन नंबर वेगळा ठेव, व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त वेळ ठरवायची.

शारीरिक किंवा प्रेमाच्या नात्याबद्दल तडजोड नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता उपचार संपल्यावर किमान दोन वर्षं असं नातं निषिद्ध मानते, आणि नंतरही अत्यंत अपवादानेच मुभा देते. माझ्या मते कधीच नाही. ज्याने मन उघडं केलं आणि ज्याने झाकून ठेवलं, ते दोघे पुढे बरोबरीचे होत नाहीत. ओढ वाटली तर त्यात लाज नाही. ती त्याच आठवड्यात सुपरव्हिजनमध्ये सांग. सांभाळता येत नसेल तर क्लायंटला दुसरीकडे नीट सोपव.

नोंदींत तारीख, वेळ, तिने काय सांगितलं, तू काय केलंस आणि पुढे काय ठरलं, एवढंच. तुझे अंदाज आणि तिच्या शेजाऱ्यांची नावं नकोत. कुलपाच्या कपाटात, नावाऐवजी क्रमांक घालून ठेव आणि क्रमांकांची यादी दुसरीकडे. सुपरव्हिजनमध्ये नाव गाळणं गावापुरतं पुरत नाही. ‘तलाठ्यांची धाकटी सून’ म्हटलं की ओळख पटलीच. पेशा, गल्ली, आडनाव सगळं गाळ, आणि सुपरव्हायजर शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यातला निवड.

पाटीवर आपली खरी पदवी लिही. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी नसेल तर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे शब्द नकोत, लोकांनी म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त कर.

आणि एवढं सगळं पाळूनही कधीतरी पाऊल सरकेल. त्या दिवशीच ते नोंदवहीत लिही, सुपरव्हायजरला फोन कर आणि पुढच्या सेशनच्या सुरुवातीला क्लायंटला स्वतः सांग: ‘मागच्या आठवड्यात मी रात्री उशिरा तुमच्याशी बोलत बसले, ते चुकलं. चूक माझी आहे, तुमची नाही. आजपासून आपण ठरलेल्या वेळेतच बोलू. हे ऐकून तुम्हाला काय वाटतंय?’ आणि मग गप्प बसून तिचं ऐक, ती चिडली तरी.

तुझी,
मॅडम