टेबलापलीकडून : कोपऱ्यातली पेन्सिल

भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत तीस वर्षं नोकरभरती सांभाळून निवृत्त झालेल्या आमच्या काकू या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : काकू, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात रोजगार मेळाव्याला गेलो होतो. पंचवीस रिझ्युमे छापून नेले, त्यातले एकोणीस वाटले. तीन तास उन्हात रांगेत उभा राहिलो. अजून एकही फोन नाही. हे मेळावे नुसता देखावा असतात का?
— एक विद्यार्थी, धायरी

एकोणीस! अरे, रिझ्युमे वाटत होतास की लग्नाच्या पत्रिका?

टेबलाच्या माझ्या बाजूला काय चालतं ते सांगते, मग तूच ठरव. सकाळी दहापासून आम्ही दोघं-तिघं बसलेले. चार वाजेपर्यंत दीडशे पोरं समोरून जातात. बॅनर गुंडाळून गाडीत टाकेपर्यंत त्यातला एक चेहरा आठवेल तर शपथ. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. पोरगं समोर उभं असतानाच त्याच्या रिझ्युमेच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन-तीन शब्द लिहायचे. ‘लेथ स्वतः चालवतो.’ ‘वडिलांचं वर्कशॉप, सणसवाडी.’ ‘बुलेटचं इंजिन खोललंय.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसात गठ्ठा सोडला की आधी नुसते कोपरे वाचायचे. कोपऱ्यात काही असेल तर खालचं वाचायचं. कोपरा कोरा असेल तर कागद खालच्या ड्रॉवरमध्ये. तो कुणी फाडत नाही आणि कुणी वाचतही नाही. तुझे एकोणीस कागद असल्याच एकोणीस ड्रॉवरांत पडलेत, असा माझा अंदाज.

तेव्हा पुढच्या वेळी फक्त सहा टेबलं गाठ. सरकारी मेळावा असेल, म्हणजे कौशल्य विकास विभागाचा पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा वगैरे, तर महास्वयमच्या वेबसाइटवर आधी नावनोंदणी कर. कुठल्या कंपनीला किती जागा भरायच्यात आणि शिक्षण काय हवंय, ते तिथंच बघता येतं. आयटीआयवाल्यांच्या जागांसमोर डिग्रीवाले रांग लावून उभे राहतात, हे मी दर वर्षी पाहिलंय. रांग लांब दिसली की माणसाला वाटतं, इथं काहीतरी चांगलं मिळतंय. रेशनच्या दुकानापुरतं ते ठीक आहे.

सहा कंपन्या ठरल्या की प्रत्येकीचं एवढंच बघ : काय बनवते, कुणासाठी बनवते, कारखाना कुठं आहे. सीटच्या फ्रेम करणाऱ्या कंपनीला ‘मला डिझाइनमध्ये आवड आहे’ असं सांगणारी पन्नास पोरं भेटतात. ‘तुमच्याकडे वेल्डिंगला रोबो आहेत का, का अजून हातानं चालतं?’ असं विचारणारा एखादाच. त्याच्या कोपऱ्यात लिहायला मला वेगळं काही शोधावं लागत नाही.

आणि प्रोजेक्टबद्दल. ते तुम्ही स्वतः करता की तयार विकत आणता, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. मी एकच विचारायचे : ‘यातला कुठला भाग आधी मोडला?’ विकत आणलेलं प्रोजेक्ट कधीच मोडलेलं नसतं. ज्यानं स्वतः केलंय तो लगेच सुरू होतो, की मॅडम, तीन जॉब रिजेक्ट झाले, जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर हलत होतं, मग खाली पॅकिंग घातलं. (आमच्या भोसरीत जॉब म्हणजे नोकरी नव्हे, मशीनवर लावलेला लोखंडाचा तुकडा. पोरांना नोकरीचा जॉब मिळण्याआधी हा जॉब हातात आला पाहिजे, असं आमचे प्रॉडक्शनवाले म्हणायचे.) हे तीन रिजेक्ट झालेले जॉब रिझ्युमेत लिही. ‘हार्डवर्किंग’ आणि ‘टीम प्लेअर’ काढून टाकलंस की जागा होईल.

मी काही इंजिनिअर नाही. पण क्वालिटीच्या साहेबांकडून एक व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं उपकरण, मागून घेतला होता, तो मेळाव्याला न्यायचे. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात बारीक माप, विचारला की सगळे ठसक्यात सांगायचे, ०.०२ मिलिमीटर. मग मी माझं पेन पुढं करायचे, याचा व्यास मोज. निम्मी पोरं बाहेरचा व्यास मोजायला आतले जबडे लावायची. कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन चार दिवस नुसतं मोजत बस. लाजू नकोस, लॅब असिस्टंटच्या हाताखाली बस, त्यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त येतं.

कपडे इस्त्रीचे असू देत, बूट घरात आहेत तेच. दोन बारीक गोष्टी मात्र सांगते. ज्या कंपनीत फार रस नाही तिच्या टेबलापाशी आधी जाऊन जीभ सैल करून घे, आणि आवडीच्या टेबलापाशी जेवणाच्या सुट्टीआधी पोच. एकनंतर आमचं अर्धं लक्ष डब्याकडे असतं. आणि त्याच संध्याकाळी मेल टाक, त्यात कोपऱ्यातली ओळ पुन्हा लिही : ‘फिक्स्चरबद्दल बोललेला मी तो.’ फोन आला आणि चाकणला बोलावलं, तर आदल्या दिवशी एकदा जाऊन रस्ता बघून ये. स्वारगेटहून मेट्रोनं नाशिक फाटा, पुढे बस. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी काय असते, ते मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा कळायला नको.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातली, सदाशिव पेठेत खोली करून राहते, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुलाखतीसाठी यूट्यूबवर बघून इंग्रजीत स्वतःची ओळख पाठ केली होती. तिसऱ्या वाक्याला अडले आणि ‘मराठीत बोलू का?’ असं विचारलं. समोरच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझं चुकलं का? अनुभव म्हणाल तर काही नाही. सुट्टीत मामांच्या कृषी सेवा केंद्राचे हिशेब टॅलीत भरते तेवढंच.
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

‘तेवढंच’ म्हणे. थांब, आधी एक माझीच चूक सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी स्टोअर्सला एक जागा होती. शेवटी दोन उमेदवार उरले. एक पोरगा, इंग्रजी असं की ऐकत बसावं. दुसरी मंचरकडची मुलगी, अडखळत, निम्मं मराठीत बोलली, पण सगळं मुद्द्याचं. तिच्या कोपऱ्यात मी लिहिलं, ‘इंग्रजी कच्चं’. पोरग्याला घेतलं. पहिल्याच स्टॉकटेकिंगला बेअरिंगचे आकडे जुळेनात, आणि तिसऱ्या महिन्यात हे साहेब राजीनामा मेल करून गेले. इंग्रजीत, सुरेख मेल. वर्षभरानं आमच्या एका सप्लायरच्या अकाउंट्समधून एक बाई आमच्या डेबिट नोटमधली चूक दाखवायला आल्या. तीच. तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. चूक आमचीच निघाली. त्यानंतर कोपऱ्यात भाषेबद्दल लिहिणं मी बंद केलं.

तर मराठीत बोलू का हे विचारण्यात तुझं काही चुकलं नाही. फक्त ते अडल्यावर विचारलंस. अडण्याआधी हसून विचारलं असतंस, तर ती विनंती झाली असती. अडल्यावर विचारलं की शरणागती वाटते. पण खरी गोची पाठांतरात आहे. पाठ केलेल्या वाक्यातला एक शब्द निसटला की स्वेटरचा टाका सुटल्यासारखं मागचं सगळं उसवत जातं.

इंग्रजी लागतच नाही अशी खोटी समजूत मी घालणार नाही. खराडी-मगरपट्ट्यातल्या ज्या ऑफिसांत परदेशातल्या माणसांशी रोज फोनवर बोलायचं असतं, तिथं ते लागतंच, आणि त्यासाठी वर्ष-सहा महिने खपावं लागेल. पण नारायण पेठेतल्या सीएच्या ऑफिसात किंवा भोसरीतल्या अकाउंट्समध्ये तुला काय विचारतील? टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर, कधी भरायचा? पुढच्या महिन्याच्या सातला. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र, दर महिन्याला भरणाऱ्यांनी कधी भरायचं? अकराला. आणि ३बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र? वीसला. या तीन तारखा बहुतेक सगळ्याच घोकून येतात. अकरा आधी आणि वीस नंतर का, हे जिला सांगता येतं तिचं नाव वर जातं. विकणाऱ्यानं आधी बिलं दाखवली की घेणाऱ्याला त्याच्या नावावर जमा झालेलं क्रेडिट दिसतं आणि ते वजा करून त्याला उरलेला कर भरता येतो. हे मराठीत समजलेलं असेल तर इंग्रजीत मोडकंतोडकं का होईना, येतंच.

आता मामांचं दुकान. बियाण्याला जीएसटी नाही, खताला ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकाला १८. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच खरेदीत तीन दर! पुण्यातल्या किती मुलींनी असं बिल हातानं भरलंय? शिवाय उधारी. खरिपात माल न्यायचा आणि पैसे पीक निघाल्यावर द्यायचे, ती येणी तू पार्टीवार ठेवत असशीलच. हे सगळं आधी मैत्रिणीला मराठीत सांग. मग त्याचीच आठ-दहा शब्दांची सहा इंग्रजी वाक्यं कर. पाठ करू नकोस. रोज वेगळ्या तऱ्हेनं सांग. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला हेच उत्तर. तुझे छंद मला नकोत.

प्रश्न : माझ्या मुलीला कॅम्पसमधून वार्षिक ३ लाख ६० हजारांची नोकरी लागली. आम्ही धरून चाललो महिना तीस हजार. पहिला पगार २२,६७९ आला. फसवलं का? शिवाय मूळ गुणपत्रिका जमा करायला सांगताहेत.
— एक वडील, हडपसर

पगारात फसवलेलं नाही. तुम्ही आकडा वाचलात, त्याखालचा तक्ता वाचला नाहीत. जाहिरातीतला आकडा हा कंपनीला मुलगी केवढ्याला पडते, तो असतो. तुमच्या पत्रासोबतच्या ऑफर लेटरमध्ये मूळ वेतन १५,००० आहे. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० कंपनीनं भरायचा पीएफ. तो त्या तीस हजारांतच धरलाय. ग्रॅच्युइटीचे ७२१ तसेच. ते नोकरी सोडताना मिळतात, तेही अटी पूर्ण झाल्या तर. आणि ‘व्हेरिएबल’चे वर्षाला ३६,०००, म्हणजे महिना ३,०००, ते वर्षाअखेरी काम बघून. उरले २४,४७९. त्यातून मुलीच्या वाट्याचा पीएफ १,८०० कापला की २२,६७९ बरोबर जुळतात. मुलगा असता तर व्यवसाय कराचे आणखी दोनशे गेले असते, फेब्रुवारीत तीनशे. महाराष्ट्रात बायकांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराला तो माफ आहे.

पीएफ गेला असं समजू नका, तो तिचाच आहे. कंपनीच्या १,८०० पैकी साधारण १,२५० पेन्शनकडे वळतात, बाकी सगळं तिच्या खात्यात. ऑफर स्वीकारण्याआधी मुलीनं एचआरला नुसतं ‘हातात किती येतील?’ असं विचारलं असतं, तरी चाललं असतं. या प्रश्नानं ऑफर परत घेतलेली मी तरी पाहिली नाही.

गुणपत्रिका मात्र देऊ नका. मूळ प्रती दाखवायच्या, त्यांनी पडताळायच्या, झेरॉक्स द्यायची, मूळ प्रती घरी आणायच्या. त्या अडकवून ठेवणं म्हणजे माणूस अडकवून ठेवणं. फार आग्रह झाला तर ‘लेखी मागा’ म्हणावं. बहुतेक वेळा ते लेखी येत नाही.

प्रश्न : एका कंपनीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. निवड झाली आहे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे ४,५०० रुपये भरा, म्हणतात. भरू का?
— कोथरूड

नको. पगार देणारा आधी पैसे मागत नाही. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर शोध. पण नाव खरं निघालं म्हणून मेसेज खरा ठरत नाही, तेव्हा त्या कंपनीच्या ऑफिसात स्वतः फोन कर. पैसे भरून बसली असशील तर हे वाचत बसू नकोस, आत्ता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लाव.

प्रश्न : मुलाच्या मुलाखतीला मी सोबत गेले तर चालेल का? तो फार बुजरा आहे.
— एक आई, निगडी

गेटपर्यंत जा की. समोर चहाची टपरी असतेच, बसा निवांत. आत नको. एकदा एक वडील मुलाबरोबर थेट माझ्या केबिनमध्ये आले आणि मी विचारलेल्या पाचही प्रश्नांची उत्तरं मुलाच्या आधी त्यांनीच दिली. सगळी बरोबर. मी कोपऱ्यात लिहिलं, ‘वडील उत्तम’. पण त्यांचं वय बसत नव्हतं.