गाळ राहू द्या, बुडालेलं शेत वाचवा

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचकाने लिहिलं आहे: शापोरा नदीकाठी वाडवडिलांचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत, होतं. पावसात मानशीजवळचा (पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराजवळचा) बांध फुटला आणि शेत पाण्याखाली गेलं. पुढे एकचौदाच्या उताऱ्यावरून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवरून, त्यांचं नाव काढून तिथे ‘नदी’ अशी नोंद झाली. खालच्या वळणावर मात्र त्यांच्या भाटाला (माडांच्या बागायतीला) लागून गाळाची नवी जमीन वर आली आहे. ती नावावर करून मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं आहे. अशी पत्रं दर पावसाळ्यानंतर येतात आणि बहुतेकांचं लक्ष असंच गाळाकडे असतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत गाळावरच्या कुंपणाच्या खुंटांवर वीतभर उंचीवर पाण्याची रेघ दिसते आणि भोवती खारफुटीची रोपं आहेत. म्हणजे भरतीचं पाणी तिथे अजून येतं. वळणाच्या आतल्या अंगाला प्रवाह मंदावतो, खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. गाळ वाढला तरी भरतीरेषेखाली आहे तोवर तो खाडीचा तळ, सरकारचा. पुढे तो कायमचा कोरडा झाला, तर काठच्या मालकाचा हक्क मांडता येईल. मिळेलच असं मी सांगत नाही. ते कुंपण आजच काढा. खारफुटीला हात लावलात तर सीआरझेडचं, म्हणजे किनारी भागाच्या नियमांचं, वेगळं प्रकरण मागे लागेल.

आता बुडालेल्या शेताकडे या. नदीने जमीन गिळली म्हणून मालकी आपोआप जात नाही. जागा ओळखता येत असेल आणि मालकाने हक्क सोडला नसेल, तर तो टिकतो, हे ब्रिटिश काळातलं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १८७० सालीच सांगितलं आहे. पण नोंद बदलल्याच्या आदेशाची प्रत हातात येऊन तुम्हाला दोन वर्षं आठ महिने झाले! मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे मालकी जाहीर करून मागण्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो आणि ती वर्षं हक्क ‘पहिल्यांदा’ नाकारला गेला तेव्हापासून मोजतात. सगळं या एका शब्दावर आहे. नंतर कितीही अर्ज केलेत तरी घड्याळ पुन्हा सुरू होत नाही. प्रत कपाटात ठेवून तुम्ही स्वतःचं मोठं नुकसान करून घेतलं आहे, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस लागते. मुदत मोजताना ते दोन महिने वगळतात, पण त्या भरवशावर राहू नका; नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या. महसुली अपील लावायचं की नाही, हे आदेश वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

दरम्यान येत्या अमावास्येच्या सुकतीला (ओहोटीला) मोजणीदाराला घेऊन होडीने जा. फुटलेल्या बांधाचे चिरे उघडे पडत असतील तर जुन्या सर्वे प्लॅनवर त्यांची जागा टिपून घ्या, तारखेसह फोटो काढा. बांधदुरुस्तीची वर्गणी भरल्याच्या पावत्या घरात असतील, त्याही शोधा.