वाचकांचे प्रश्न : शशिकला काकोडकर – वारसा किती, कर्तृत्व किती?

राजकीय घराण्यांविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे गोव्याच्या माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर यांच्याविषयी निघाली. सगळ्या पत्रलेखकांच्या मनातला मूळ प्रश्न एकच दिसतो : वडील मुख्यमंत्री नसते तर या बाईंना कोणी विचारले असते का? त्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर दुसऱ्याच दिवशी मुलगी मुख्यमंत्री होते, याला लोकशाही म्हणावे की गादी? त्यांच्याकडे स्वतःची अशी काही पात्रता होती का? (एक वाचक, पुणे)

तारखा आपण म्हणता तशाच आहेत. मुक्तीनंतरच्या गोव्याचे पहिले लोकनियुक्त मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ऊर्फ भाऊसाहेब १२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच गेले आणि १३ ऑगस्टला त्यांच्या थोरल्या कन्येने सूत्रे हाती घेतली. जम्मू-काश्मीरमध्ये शेख अब्दुल्ला यांच्या पश्चात फारूख अब्दुल्ला १९८२ मध्ये असेच पदावर आले; गोव्याने ते नऊ वर्षे आधी केले होते. ती जागा त्यांना बांदोडकरांची मुलगी म्हणून मिळाली, याविषयी आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. भाऊसाहेब खाणमालक होते, सढळ हाताचे होते आणि मुख्य म्हणजे बहुजन समाजाला ते आपले वाटत. १९६३ मध्ये जन्मलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षात (मगोप) त्यांच्यानंतरचा दुसरा क्रमांक कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या हयातीत कधी सुटलाच नव्हता, कारण तो विचारण्याची कोणाला गरज पडली नव्हती. अशा पक्षात नेता अचानक गेला की आमदारांना भांडण टाळणारे नाव हवे असते, आणि असे नाव बहुतेक वेळा घरातलेच असते.

मात्र ‘गादी’ हा शब्द आम्हाला पुरता पटत नाही. शशिकलाताई १९७२ च्या निवडणुकीत निवडून आल्या होत्या आणि वडिलांच्या मंत्रिमंडळात राज्यमंत्री म्हणून काम करत होत्या. शिक्षणाचे म्हणाल तर ७ जानेवारी १९३५ रोजी जन्मलेल्या या पेडण्याच्या मुलीने धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून पदवी आणि पुढे मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. पोर्तुगीज अमलातील गोव्यात वाढलेल्या मुलीच्या दृष्टीने हे सोपे नव्हते. पदावर आल्या तेव्हा त्या अडतीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याआधी देशात सुचेता कृपलानी आणि नंदिनी सत्पथी या दोनच महिला मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि गोव्यात तर त्यांच्यानंतर आजवर एकही नाही. पहिल्या चार वर्षांचे श्रेय कोणी भाऊंच्या पुण्याईला देईल, पण १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्या नेतृत्वाखाली निवडणूक लढवली आणि तीस सदस्यांच्या विधानसभेत पक्षाला १५ जागा मिळवून पुन्हा मुख्यमंत्रिपद घेतले. हा कौल त्यांचा होता. त्यात भाऊंच्या तसबिरीचा वाटा किती होता हे मोजता येत नाही. नव्हता असे मात्र कोणी म्हणणार नाही.

प्रश्न : गोव्यातील कूळ-मुंडकार कायदे भाऊंनी केले असे आमच्याकडे सर्रास बोलले जाते. मग ताईंच्या नावावर काय उरते? (एक वाचक, फोंडा)

आपल्या भागात असे बोलले जाते खरे, आणि ताईंवर झालेला सर्वांत मोठा अन्याय कोणता असेल तर तो हाच. क्रम असा आहे. कुळांना संरक्षण देणारा आणि खंडाला मर्यादा घालणारा कायदा १९६४ चा, म्हणजे भाऊंच्या कारकिर्दीतला. त्याने कूळ निर्धास्त झाले, तरी जमीन भाटकाराचीच, म्हणजे जमीनमालकाचीच राहिली. कसणाऱ्याला मालक करणारी पाचवी दुरुस्ती झाली १९७६ मध्ये, आणि राहत्या घरातून मुंडकाराला हुसकावून लावण्यास बंदी करणारा कायदा १९७५ चा आहे. ही दोन्ही पावले शशिकलाताईंच्या सरकारची आहेत.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे आवश्यक आहे. कूळ आणि मुंडकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूळ भाटकाराची शेती कसते. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर बांधून राहतो, मग तो शेती करो वा न करो. घराच्या मातीच्या भिंती त्याने स्वतः उभारलेल्या असत, पण खालची जमीन भाटकाराची. त्यामुळे भाटावर, म्हणजे मालकाच्या बागायतीवर लक्ष ठेवणे, नारळ पाडण्याच्या वेळी हजर राहणे आणि भाटकाराच्या घरी कार्य निघाले की राबायला जाणे, हे सगळे न बोलता ठरलेले असे. भाटकाराची मर्जी गेली तर चंबूगबाळे आवरायचे. अशा माणसाच्या दृष्टीने सातबाऱ्याची भाषा निरर्थक होती, कारण कोणत्याच कागदावर त्याचे नाव नव्हते. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून काढता येणार नाही असे ठरवले आणि पुढे घर व घराभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा मार्गही खुला झाला. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबाराच तो) कुळाच्या रकान्यात नाव लागणे म्हणजे काय, हे ज्याच्या आजोबांचे नाव तिथे लागले त्यालाच विचारावे.

अर्थात कायदा होणे आणि त्याचा लाभ पदरात पडणे यांत गोव्यात फार मोठे अंतर राहिले. भाटकार न्यायालयात गेले, पाचवी दुरुस्ती वर्षानुवर्षे दाव्यांत अडकली, आणि मामलेदार कचेरीत मुंडकारांची प्रकरणे पुढच्या पिढीपर्यंत तुंबून राहिली. कायदा करताना अंमलबजावणीची यंत्रणा तोकडी ठेवली, हा दोष त्या सरकारच्या पदरात घालावाच लागेल. तरीही भाऊंच्या नावाने जे आभार मानले जातात त्यातले निम्मे तरी दुसऱ्या पत्त्यावर जायला हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ज्या पक्षाचा जन्मच गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी झाला, त्या पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी साडेपाच वर्षांत विलीनीकरणासाठी काय केले? (एक वाचक, सावंतवाडी)

करण्यासारखे फारसे काही उरलेच नव्हते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, आणि तो विषय तिथेच संपला. गंमत अशी की त्यानंतर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्याच पक्षाला पुन्हा सत्ता दिली. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत, असा तो हिशेब होता. ताईंना मिळाला तो हा दुसरा, विलीनीकरणाविना उरलेला पक्ष : नाव महाराष्ट्रवादी, काम जमिनीचे आणि शाळांचे.

प्रश्न : एवढे कायदे करूनही १९७९ मध्ये त्यांचे सरकार का कोसळले? आणि त्यानंतर त्यांनी इतके पक्ष का बदलले? (एक वाचक, मुंबई)

पहिल्या प्रश्नाचे साधे उत्तर आकड्यात आहे. तीसपैकी पंधरा म्हणजे निम्मे. त्यात एकही माणूस रुसला तरी तोल जातो. पक्षातल्याच काही आमदारांनी साथ सोडली आणि २७ एप्रिल १९७९ रोजी गोव्यात राष्ट्रपती राजवट आली. पण आमदार फुटतात ते हवा पाहून, आणि हवा आधीच बदलली होती. ट्रॉलरमुळे पोटावर पाय आलेले रापणकार, म्हणजे पारंपरिक जाळ्याने मासेमारी करणारे, किनाऱ्यावर संघटित झाले होते आणि सरकार ट्रॉलरवाल्यांच्या बाजूचे आहे असा त्यांचा समज पक्का होत चालला होता. बसच्या अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि ते आंदोलन वाटाघाटींपेक्षा पोलिसी बळाने हाताळण्याकडे सरकारचा कल राहिला. भाऊ असते तर त्यांनी मुलांना बोलावून घेतले असते, असे त्या काळातले लोक सांगतात. हा केवळ तर्क आहे, तरी त्यातून लोक ताईंना कोणत्या मापाने मोजत होते ते कळते. वारशाने आलेल्या नेत्याला विरोधकांशी झुंजता येते, गेलेल्या माणसाच्या आठवणीशी झुंजता येत नाही.

फाटाफुटीची आणखी एक बाजू सांगायला हवी. भाऊंच्या शेवटच्या मंत्रिमंडळात प्रतापसिंह राणे हे ताईंचे सहकारी मंत्री होते. १९७७ पर्यंत ते काँग्रेसमध्ये गेले आणि जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोपचा धुव्वा उडाला तेव्हा मुख्यमंत्री झाले तेही तेच. भाऊंनी उभी केलेली माणसे भाऊंच्या शब्दाखातर एकत्र होती. तो शब्द मुलीकडे आला नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात मात्र तथ्य आहे आणि त्याचे समर्थन करणे आम्हाला जमणार नाही. सात जागांवर आलेल्या पक्षातले बहुतेक आमदार घेऊन ताई इंदिरा काँग्रेसमध्ये गेल्या. मगोप संपलाच असे वाटत असताना रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर या दोन आमदारांनी पक्ष जिवंत ठेवला. काँग्रेसमध्ये ताईंचे जमले नाही. त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी भाऊसाहेब बांदोडकर गोमंतक पक्ष काढला. वडिलांनी काढलेला पक्ष सोडून वडिलांच्याच नावाचा दुसरा पक्ष काढण्याची ही वेळ त्यांनी स्वतःवर ओढवून घेतली होती. मतदारांनी त्या पक्षाला थारा दिला नाही आणि यथावकाश त्या मगोपमध्ये परतल्या. घराण्याचे नाव खात्रीने मते आणते या समजुतीला गोव्याच्या मतदारांनी तेव्हा चांगलाच धक्का दिला. पुढे १९८९ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, त्या घराण्याच्या पुण्याईपेक्षा चिकाटीमुळे.

प्रश्न : १९९० मध्ये शिक्षणमंत्री असताना त्यांनी इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान बंद केले. हा निर्णय मराठीच्या हिताचा होता की हट्टाचा? (एक वाचक, डिचोली)

हा प्रश्न आल्याचा आनंद वाटतो, कारण ताईंच्या कारकिर्दीतला सर्वांत दूरगामी निर्णय त्यांनी मुख्यमंत्री नसताना घेतला, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. लुईस प्रोत बार्बोझा यांच्या अल्पजीवी आघाडी सरकारात त्या शिक्षणमंत्री होत्या. सरकारी अनुदान हवे असेल तर प्राथमिक शिक्षणाचे माध्यम प्रादेशिक भाषा असले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. इंग्रजी शाळा चालवण्यावर बंदी नव्हती. त्या सरकारच्या पैशावर चालणार नाहीत, एवढेच.

त्याचा परिणाम कोणी कल्पिला नसेल असा झाला. मराठी शाळा आधीपासून होत्याच. भाऊंनी गावोगाव काढलेल्या. पण चर्चसंस्थेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळा इंग्रजीत चालत. अनुदान गमावण्यापेक्षा त्यांनी माध्यम बदलले, आणि ते बदलून कोकणी केले. महाराष्ट्रवादी पक्षाच्या नेत्याच्या निर्णयाने कोकणी माध्यमाच्या शाळांची संख्या एकदम वाढली. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी जो मराठी-कोकणी वाद इतका चिघळला होता, त्याच्या पार्श्वभूमीवर हे पाहिले तर हट्टाचा आरोप टिकत नाही. हट्ट असता तर त्यांनी आदेशात एकच भाषा घातली असती.

या धोरणावर टीका करण्यासारखे नाही असे नव्हे. चौथीपर्यंत कोकणी किंवा मराठी आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी, अशी उडी मुलांना घ्यावी लागू लागली, आणि ज्यांना परवडत होते त्यांनी विनाअनुदानित इंग्रजी शाळांची वाट धरली. पाचवीचे गणित पहिल्यांदाच इंग्रजीत पाहणाऱ्या मुलाची पंचाईत होते, हे कोणताही शिक्षक सांगेल. माध्यमिक शाळेशी सांधा जुळवल्याशिवाय प्राथमिकचे माध्यम बदलणे हे अर्धे काम होते.

जून २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले आणि सत्तरी ओलांडलेल्या ताई पुन्हा रस्त्यावर आल्या. या अनुदानाला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर त्यांच्या शेजारी उदय भेंब्रे बसत. १९६७ च्या आधी ‘राष्ट्रमत’ या दैनिकातल्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदरातून भाऊंच्या विलीनीकरणाच्या मोहिमेचा रोज समाचार घेणारे ते हेच भेंब्रे. वडिलांच्या सर्वांत कडव्या टीकाकारासोबत मुलीने मांडीला मांडी लावून बसावे, यातच घराण्याच्या राजकारणातून त्या किती बाहेर आल्या होत्या ते दिसते.

मागणी मात्र पदरात पडली नाही. २०१२ मध्ये सत्तेवर आलेल्या मनोहर पर्रीकर सरकारनेही अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान सुरूच ठेवले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी ताई गेल्या, तेव्हा मंचातून निघालेला गोवा सुरक्षा मंच निवडणुकीच्या तयारीत होता. पुढच्याच वर्षी हा मंच, शिवसेना आणि मगोप एकत्र लढले. मंचाला एकही जागा मिळाली नाही, मगोपला तीन मिळाल्या, आणि ते तिन्ही आमदार घेऊन मगोप पर्रीकरांच्या सरकारात सामील झाला. इंग्रजी शाळांचे अनुदान तसेच चालू राहिले.