सी मधला चार (char) साइन्ड की अनसाइन्ड ते नंतर बघ, आधी इंडेक्स फाइल सांभाळ

तुझा घोळ मला समजला तो असा. फोंड्याच्या वाचनालयाचं सभासदांचं सॉफ्टवेअर, सी मध्ये लिहिलेलं, बी-ट्री (नावं क्रमाने लावून शोधायचा इंडेक्स) पण घरचाच, ते जुन्या डेस्कटॉपवरून रास्पबेरी पाय (Pi) या छोट्या कॉम्प्युटरवर हलवलं कारण पावसात लाईट सारखी जाते आणि पाय छोट्या बॅटरीवर पण तग धरतो. फाइल्स जशाच्या तशा कॉपी केल्या, कोड पायवर परत कंपाइल केला, एक वॉर्निंग नाही, आणि आता शोधात "रमेश" सापडतो, "राम गावडे" गायब, पण पूर्ण यादी छापली की तोच राम गावडे त्यात बसलेला.

पहिलं मला हे सांग, हलवल्यावर पायवर नवीन सभासद घातलेस का? घातले असशील तर आत्ता थांब. का ते पुढे येतंय.

सी मध्ये नुसतं चार (एका बाइटचा प्रकार) लिहिलं की तो साइन्ड (-१२८ ते १२७) की अनसाइन्ड (० ते २५५) हे भाषा ठरवत नाही, कंपायलर आणि मशीन ठरवतात. इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर साइन्ड धरतो, एआरएमच्या लिनक्सवर (पायचा प्रोसेसर त्याच जातीचा) अनसाइन्ड (ॲपलच्या एआरएम मॅकवर परत साइन्ड, म्हणजे "एआरएम आहे ना मग अनसाइन्ड" असं पण धरून चालता येत नाही). यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि मात्रा तीन-तीन बाइटची, पहिला बाइट कायम २२४. तुझ्या डेस्कटॉपवर तो -३२ होता, म्हणजे स्पेसच्या ३२ पेक्षा लहान. पायवर तो २२४ च राहतो, म्हणजे मोठा. तुझ्या तुलनेच्या फंक्शनमध्ये एका बाइटमधून दुसरा वजा करून उत्तर परत देत असशील, बहुतेक सगळे तेच करतात.

आता गंमत बघ. नुसत्या देवनागरी अक्षरांचा आपसातला क्रम दोन्हीकडे सारखाच राहतो, कारण १२८ आणि त्यावरचे सगळे बाइट एकत्रच खाली सरकतात. म्हणून रमेश सापडतो आणि म्हणूनच हा बग टेस्टिंगमध्ये सुटतो. क्रम उलटतो तो देवनागरी बाइटची गाठ स्पेसशी, आकड्याशी, रोमी (रोमन लिपीतल्या) अक्षराशी किंवा स्ट्रिंगच्या शेवटच्या शून्याशी पडते तिथे. "राम गावडे" आणि "रामनाथ कामत" घे, राम पर्यंत सारखं, मग एकीकडे स्पेस आणि दुसरीकडे न चा २२४. डेस्कटॉपवर रामनाथ आधी, पायवर राम आधी. ट्री बांधला जुन्या क्रमाने, शोध चालतो नव्या क्रमाने, तो चुकीच्या फांदीवर जातो आणि "नाही" म्हणून परत येतो. यादी मात्र पानं ओळीने वाचते, तिला तुलना करावीच लागत नाही. आपल्याकडे रोमीत जुवांव (João) लिहिताना a वर टिल्ड (~) देणारे पण आहेत, त्या ã चा पहिला बाइट १९५, त्यामुळे जुवांव आणि जुआकीं (Joaquim) यांची पण अशीच अदलाबदल होते, तीही तपासून बघ.

माझा अनुभव सांगतो. म्हापशात एका पतसंस्थेचं असंच काम होतं, मी शहाणपणा करून तुलनेचं फंक्शन "बरोबर" केलं, अनसाइन्ड चारचा पॉइंटर लावला, आणि इंडेक्स परत न बांधता बसवलं, ते पण शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी. गर्दी ही एवढी, खाती सापडेनात, तर काउंटरवाल्यांनी तीच खाती परत नवीन उघडली! संध्याकाळपर्यंत एकाच ट्रीमध्ये अर्ध्या नोंदी जुन्या क्रमाने आणि अर्ध्या नव्या. असा खिचडी ट्री जुन्या प्रोग्रॅमला पण वाचता येत नाही आणि नव्याला पण नाही. शेवटी मूळ रेकॉर्डची फाइल सुरुवातीपासून वाचून इंडेक्स नव्याने केला, आणि दुहेरी खाती हाताने जुळवत शनिवार-रविवार गेला.

म्हणून तू कोडला हात लावायच्या आधी सगळ्या फाइल्सची कॉपी काढ. मग पायवर जुनाच कोड जीसीसीच्या साइन्ड-चारवाल्या फ्लॅगने कंपाइल कर, शोध लगेच पूर्वीसारखा चालेल. ही मलमपट्टी आहे, कायमची ठेवू नको, उद्या मेकफाइल (कंपाइलच्या सूचनांची फाइल) कोणी बदलली की परत तेच. त्याच बिल्डने सगळं टेक्स्टमध्ये डंप कर, मग तुलना अनसाइन्ड चारने कर (किंवा सरळ मेमकंप (memcmp) वापर, तो स्टँडर्डप्रमाणे बाइट अनसाइन्डच धरतो), नवीन इंडेक्स बांध, आणि फाइलच्या हेडरमध्ये एक व्हर्जनचा आकडा घाल म्हणजे जुनी फाइल आली तर प्रोग्रॅम उघडायला नकार देईल.

लाज वाटून घेऊ नको, पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसला पण हेच भोवलंय. त्यांच्या ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांच्या) इंडेक्समध्ये चारची तुलना मशीनवर अवलंबून होती, इंटेलवरचा डेटा एआरएमवर रेप्लिकेट केला की शोध चुकायचा. २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून डेटाबेस कुठल्या चारने बनला ते कंट्रोल फाइलमध्येच लिहून ठेवतात.

तुलना झाली की बाकीचा कोड पण चाळ. हॅशमध्ये (नावाचा आकडा करून कप्पा ठरवतात तिथे) चार बेरजेला घेतला असेल तर तिथेही बकेट, म्हणजे कप्पा, बदलणार. फाइल वाचताना गेटसी (getc) चं उत्तर चारमध्ये घेतलं असेल तर पायवर ईओएफ (फाइल संपल्याची खूण) कधी येणारच नाही, लूप फिरत राहील, ते इंटमध्ये घे. इज-स्पेस, टू-अप्पर (isspace, toupper) यांना चार अनसाइन्ड करूनच दे, लिनक्सची लायब्ररी चूक पोटात घालते म्हणून कळत नाही. आणि कुठे चारमध्ये -१ ठेवून "शून्यापेक्षा लहान का" विचारलं असेल, पुस्तक हरवलं, स्लॉट रिकामा असलं काही, तर पायवर तो २५५ होतो आणि ती अट कधीच खरी होत नाही. तिथे साइन्ड चार असं स्पष्ट लिही.

सॅनिटायझरवर (प्रोग्रॅम चालताना चुका पकडणारं साधन) विसंबू नको, भाषेच्या नियमाने यात चूक काहीच नाही त्यामुळे तो गप्प बसतो. मी एकाच मशीनवर दोन बिल्ड काढतो, एक साइन्ड फ्लॅगचा आणि एक अनसाइन्डचा, दोघांना तीच तीनचारशे नावं भरवतो, देवनागरी, रोमी, स्पेसवाली, आकडेवाली, आणि तयार झालेल्या इंडेक्स फाइल्स बाइटला बाइट लावून बघतो. एक बाइट जरी वेगळा निघाला तर कुठेतरी चार राहिलाय.

पायवर नोंदी घालून झाल्या असतील तर वरचा डंपचा रस्ता इंडेक्सवरून नको, रेकॉर्ड फाइलवरूनच घे, आणि दुहेरी सभासद निघतात का ते रजिस्टरशी ताडून बघ.