सासूसाठी नाही रडली, कुत्र्यासाठी रडली

प्रश्न : ताई नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, गावाचं नाव नका छापू. वय 47. मिस्टरांची हापूसची कलमं आहेत आणि मी घरचंच सगळं बघते. आमचा खंड्या गेला त्याला आज नऊ दिवस झाले. गावठीच कुत्रा, तांबडा, एक कान फाटका, अकरा वर्षांपूर्वी पोराने एसटी स्टँडवरून शर्टात घालून आणलेला. कलमांत माकडं उतरली की ह्याच्या नुसत्या आवाजाला पळायची. मी म्हावरं साफ करायला बसले की हा समोर येऊन बसणार, बांगड्याची डोकी त्याची, तो मान कुणाला द्यायचा नाही. त्या दिवशी संध्याकाळी मागीलदारी चिऱ्यांच्या ढिगाशी काहीतरी हुंगत होता आणि एकदम केकाटला. तोंड सुजलं, आम्हाला वाटलं गांधीलमाशी असेल, मी हळद लावली. सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली की फुरसं चावलंय. गाडी करून नेला, पहिल्या ठिकाणी इंजेक्शन नव्हतं, दुसऱ्या ठिकाणी मिळालं, पण दुसऱ्या रात्री गेला.

मिस्टरांनी कलमात खड्डा खणला, एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र खळ्यात बसून गळा काढून रडले, अख्ख्या वाडीने ऐकलं. पोराने स्टेटस ठेवला, मीपण ठेवला, आणि पोराच्या मित्रांनी तर तिठ्यावर फ्लेक्सच लावला, 'कै. खंड्या यांना भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल म्हणून बारा पोरांची नावं. मग सुरू झालं. शेजारची काकी विहिरीवर बोलली, "सासू गेली तेवा डोळ्यातसून पाणी नाय इला, आता सुण्यासाठी गळो काढून रडता." सासूबाई गेल्या वर्षी ऐन गणपतीच्या तोंडावर गेल्या, दोन वर्षं अंथरुणाला होत्या, सगळं मीच केलं. सुतकामुळे गेल्या साली आमच्याकडे गणपती आला नाही. आता लोक तेच धरून हसतात, "मग यंदापण सुतक काय गो, गणपती आणतलास मां?" ननंद डोंबिवलीला असते, तिने फॅमिली ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "वैनी, आईचा फोटो कधी स्टेटसला नाही ठेवलास." मी उत्तर नाही दिलं. गणपतीला ती येणार आहे. माझं खरंच चुकलं का? आणि खरं सांगू, सासूबाईंच्या वेळी मला खरंच रडू आलं नव्हतं.

उत्तर : आधी गणपतीचं संपवू, कारण दिवस कमी आहेत आणि माटवीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या मंडपीचं, सामान जमवायचं असेल. कुत्र्याचं सुतक धरत नाहीत. मी तरी आमच्या भटजींना फोन केला, ते आधी हसले आणि मग म्हणाले, खुशाल आणा म्हणावं. विहिरीवरच्या काकींना हेही सांगा की म्हाळाला आपण जी पानं बाजूला काढतो त्यात गाय आणि कावळ्यासोबत कुत्र्याचंही पान असतं, म्हणजे सुतक नसलं तरी ह्या जातीला आपल्या पितरांच्या पंगतीत जागा आहे. ह्यापुढे काकी काही बोलल्या तर विषय पावसाकडे वळवा.

आता हळदीबद्दल, कारण तुम्ही ते वाक्य घाईघाईत लिहून पुढे गेलात पण मला वाटतं तेच तुम्हाला रात्री छळतंय. हळदीने काही बिघडलं नाही. वेळ गेला हे खरं, ते मी खोटं बोलून लपवणार नाही, पण गांधीलमाशी आणि फुरसं ह्यातला फरक कातरवेळेला सुजलेल्या तोंडावरून कुणालाही कळला नसता. फुरश्याच्या विषाने रक्त गोठायची क्रियाच बिघडते, म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, आणि ते दिसेपर्यंत विष बरंच पुढे गेलेलं असतं. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, विशेषतः जांभ्याच्या कातळावर आणि चिऱ्यांच्या ढिगांशेजारी राहणाऱ्यांसाठी. आपल्याकडे जे सर्पदंशाचं इंजेक्शन मिळतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारही सापांवर चालतं, घोड्यांच्या रक्तापासून करतात, आणि कुत्र्यामांजरांनाही तेच देतात. गुरांच्या दवाखान्यात ते असेलच असं नाही, म्हणून निघायच्या आधी फोन करून विचारा. चिरू नका, आवळून बांधू नका, सूज चढायला लागली की सकाळची वाट बघू नका. झालं. तुम्ही दोन ठिकाणी नेलात, इंजेक्शन मिळवलंत. कित्येक घरांत "कुत्रो तो, जगलो तर जगलो" म्हणून पडवीत टाकून ठेवतात.

आता रडण्याचं. मला माहितीये ह्या जागी सल्ला देणारे काय लिहितात, की बाई तुम्ही खरं तर सासूसाठीच रडलात, साठलेलं दुःख कुत्र्याच्या निमित्ताने बाहेर आलं. ऐकायला छान आहे, ननंदेला सांगायलाही सोयीचं आहे. पण मला तसं वाटत नाही. तुम्ही खंड्यासाठीच रडलात. अकरा वर्षं रोज बांगड्याचं डोकं घ्यायला समोर बसणारा प्राणी परवापासून नाही, त्याला रडायला अजून वेगळं कारण कशाला शोधायचं.

पण सासूबाईंच्या वेळी का नाही आलं, ते तुमच्या पत्रातच आहे. दोन वर्षं अंथरुणाला, सगळं तुम्हीच केलंत. आता आठवून बघा, त्या गेल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता? मी पैज लावते, चुलीपाशी. मुंबईची माणसं रातराणीने येणार, त्यांचं अंथरूण-पांघरूण, वाडीतल्या बायका बसलेल्या त्यांना पाणी, भटजीने सांगितलेलं सामान, कुणाला कोरा चहा कुणाला बिनसाखरेचा. कोकणात घरात माणूस गेलं की लेकी रडतात आणि सून चहा करते, हे मी माझ्या आईचं बघितलं, माझं बघितलं, आता माझ्या भावजयीचंही बघितलं. आणि त्यात भर म्हणजे दोन वर्षं रात्री-अपरात्री उठल्यावर माणूस सुटलं ह्याची एक सुटका वाटते, ती वाटली म्हणून लाज वाटते, आणि त्या लाजेखाली रडू अडकून बसतं. खंड्या गेला तेव्हा कुणाला चहा द्यायचा नव्हता हो. कुणी भेटायला आलंच नाही. म्हणून तुम्हाला खळ्यात बसायला मिळालं.

माणसांना राग नक्की कशाचा येतो ह्याचा मी बरेच दिवस विचार करतेय, कारण असं पत्र काही पहिलं नाही. मी मूळची राजापूरची. माझ्या लहानपणी आमचा पवळ्या बैल ऐन नांगरणीत मेला, वडील दोन दिवस जेवले नाहीत, आणि वाडीतली झाडून सगळी माणसं येऊन पडवीत बसून गेली, एकही हसलं नाही. बैल मेला की शेती अडते, नुकसान दिसतं, म्हणून त्या दुःखाला मान. कुत्र्याचं नुकसान दिसत नाही. आता तुम्ही म्हणाल आमचा खंड्या माकडं हाकायचा, ते बरोबर आहे, देवगडात एका मोसमात माकडं कलमांची काय वाट लावतात ते ज्याचं त्याला माहीत, पण कृपा करून लोकांना ते पटवत बसू नका. तो एक माकड न हाकता नुसता पायरीवर झोपून राहिला असता तरी तुम्ही रडला असतात ना? मग.

अमेरिकेतले केनेथ डोका म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी 1989 साली ह्या प्रकाराला एक नाव दिलं, डिसएनफ्रँचाइज्ड ग्रीफ. मराठीत मी त्याला बिनहक्काचं दुःख म्हणेन, म्हणजे दुःख तर आहे पण ते करायचा तुमचा हक्कच चारचौघांना मान्य नाही. घटस्फोट झालेला नवरा वारला तर बायकोने कुठे बसून रडायचं? पोटातच गेलेल्या मुलासाठी कोण भेटायला येतं? पाळलेलं जनावरही त्याच रांगेत. अशा दुःखाचं काय होतं, तर त्याला दिवस नाहीत, दहावं नाही, तेरावं नाही, भेटायला येणं नाही, त्यामुळे ते कधी सुरू झालं आणि कधी आवरायचं हे कुणी ठरवून देत नाही. मग माणसं हाताला लागेल ते वापरतात. तुमच्या पोराच्या हाताला फ्लेक्स लागला.

फ्लेक्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. रडणं तुमचं, स्टेटस तुमचा, त्यात कुणाचा संबंध नाही. पण तिठा गावाचा. तिथे 'कै.' आणि 'शोकाकुल' हे शब्द लागले की माणसं नकळत आपल्या घरच्या मयताशी तुलना करतात, आमच्या आबांचा नाही लागला आणि कुत्र्याचा लागला. पोरांनी प्रेमानेच केलंय, थोडी मजाही असेल त्यात, अठरा-वीस वर्षांच्या पोरांना रडता येत नाही म्हणून ती बॅनर लावतात. तसंही चतुर्थीच्या आधी त्या जागेवर चाकरमान्यांच्या स्वागताचे पुढाऱ्यांचे फ्लेक्स येणारच, त्याआधी पोराला मानाने उतरवून घरी आणायला सांगा. आणि तिठ्यावरच्या एका फ्लेक्सचं काय घेऊन बसलात, रायगडावर वाघ्याची समाधी आहे, 1936 पासून. तो कुत्रा खरंच होता की दंतकथा ह्यावर आजही भांडणं होतात, 2012 साली तो पुतळा हटवला गेला आणि परत बसवलाही गेला. कुत्र्याच्या स्मारकावरून महाराष्ट्रात इतकं होऊ शकतं, तुमच्या वाडीत विहिरीवर चार शब्द झाले तर नवल नाही.

आता ननंद. तिचं वाक्य परत वाचा. त्यात कुत्र्याबद्दल एक अक्षर नाही. ती म्हणतेय, माझ्या आईचा फोटो. तिला लांब डोंबिवलीत बसून गेलं वर्षभर वाटत असणार की मी तिथे नव्हते, शेवटची दोन वर्षं वैनीनेच केलं, आणि ते कबूल करणं फार जड जातं म्हणून ती तुमच्या मोबाइलवर लक्ष ठेवते. ग्रुपवर उत्तर दिलं नाहीत हे शहाणपणाचं झालं, देऊही नका. मुद्दाम आता आईंचा फोटोही ठेवू नका, तो टोमण्याला घाबरून ठेवल्यासारखा दिसेल. ती गणपतीला येईल तेव्हा पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी मोदक आणि माणसं, जरा उसंत मिळेल त्या दुपारी तिला मागीलदारी न्या आणि सांगा, तुझी आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही. जे मला लिहिलंत तेच. कठीण आहे, पण तिने बाहेरून कुणाकडून ऐकण्यापेक्षा बरं. शेवटच्या दिवसांत त्या काय बोलायच्या, काय खायला मागायच्या, कुणाचं नाव घ्यायच्या हे तिला माहीत नाही, फक्त तुम्हाला माहीत आहे. ते द्या तिला. भांडण झालं तर होऊ दे, घरातलं भांडण आहे, गणपती जाईपर्यंत निवळतं.

मिस्टरांकडेही बघा जरा. ज्याने खड्डा खणला त्याला वाडीतलं कोण काही बोललं नाही, बाप्या मनुष्य गप्प राहिला की सगळ्यांना बरं वाटतं. तो रोज कलमात त्याच जागेवरून जातो. आणि हो, ते चिऱ्यांचे ढीग आधी हलवा, पायात बूट आणि हातात काठी घेऊन, गणपतीत घरात लहान मुलं येणार आहेत.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, वय 24. आमचा पोपट मिठू सोळा वर्षांचा होऊन गेला. आई जेवत नाही. मी फोटोसकट मोठी पोस्ट टाकली तर मित्र म्हणतो डिलीट कर, फॉरेस्टवाले घरी येतील. दुःख करायलापण परवानगी लागते काय?

उत्तर : दुःखाला नाही, पोपटाला लागते, खरं तर मिळतच नाही. आपला हा देशी हिरवा पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरोघरी पिंजरे दिसतात म्हणून ते चालतं असं नाही. मित्र काळजीपोटी बोलला, त्याच्यावर चिडू नका. पोस्ट काढायची की ठेवायची ते तुमचं तुम्ही बघा, पण बाजारात कुणी पिल्लू आणून देतो म्हणाला आणि आईचं मन रमेल म्हणून तुमचा हात खिशाकडे गेला तर तो तिथेच थांबवा. ढोलीतून काढलेली ती पिल्लं असतात आणि कित्येक तर वाटेतच मरतात. पिंजरा दारातून काढा, पण लगेच भंगारात नको, आईला विचारून. सोळा वर्षं सकाळी पहिली मिरची पिंजऱ्यात गेली असेल. थोडे दिवस मिरच्या तुम्ही कापा.