नावे दोन, जात एक, घराणी मात्र वेगळी

प्रश्न : कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळ पाहताना मुलीने विचारले, "शिंगे फक्त नरालाच का?" घरी येऊन वाचू लागलो तेव्हा रेनडिअरच्या मादीलाही शिंगे असतात हे कळले, आणि रेनडिअर व कॅरिबू ही एकच जात आहे असेही वाचनात आले. मग एकाच जातीच्या प्राण्यांमधले जनुकीय फरक शास्त्रज्ञ इतक्या बारकाईने का मोजतात? एखाद्या ठिकाणचा कळप घटला तर दुसरीकडची जनावरे आणून सोडली की काम भागत नाही का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातला शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून आधी नावांचा गुंता सोडवू. युरोप-आशियात ज्याला रेनडिअर म्हणतात आणि उत्तर अमेरिकेत ज्याला कॅरिबू, तो रूढ वर्गीकरणानुसार एकाच जातीचा प्राणी आहे. त्याच्या उपजाती मात्र अनेक सांगितल्या गेल्या, आणि त्या ठरवल्या त्या मुख्यतः कवटीची मापे, अंगाचा रंग व शिंगांची ठेवण पाहून. पुढे डीएनए तपासता येऊ लागला तेव्हा या उपजातींच्या सीमा आणि वंशाच्या सीमा अनेक ठिकाणी जुळेनात.

याचे कारण हिमयुगात आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी जवळजवळ सगळा कॅनडा बर्फाच्या जाड थराखाली होता. त्या थराच्या दक्षिणेला काही कॅरिबू अडकले. उत्तरेला, सायबेरिया आणि अलास्का यांना जोडणारी बेरिंजिया ही भूमी तेव्हा समुद्राबाहेर असल्यामुळे, दुसरा मोठा समूह दोन्ही खंडांवर मोकळा फिरत राहिला. पेशीतल्या तंतुकणिकांचा डीएनए केवळ आईकडून येतो, त्यामुळे आजीच्या आजीपर्यंतचे घराणे त्यावरून शोधता येते. त्या हिशेबाने अलास्कातला कॅरिबू हा पूर्व कॅनडातल्या जंगली कॅरिबूपेक्षा सायबेरियाच्या रेनडिअरला अधिक जवळचा ठरतो. म्हणजे नावांची सीमा बेरिंगच्या सामुद्रधुनीत, आणि घराण्यांची सीमा थेट कॅनडात! रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील उतारांवर तर बर्फ वितळल्यानंतर ही दोन्ही घराणी एकमेकांत मिसळलेली आढळतात.

आता हे फरक मोजण्याचे व्यावहारिक कारण. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपासच्या रस्त्यांवरून कोकणाकडे निघालेले धनगरांचे वाडे आपण पाहिलेच असतील. समजा, एका वाड्यात शंभर जनावरे आहेत. त्यांत मेंढ्या पंच्याण्णव आणि मेंढे पाचच. पुढच्या पिढीचा निम्मा वारसा या पाच नरांकडूनच येणार असल्यामुळे, अनुवंशशास्त्राच्या गणिताने हा कळप शंभरांचा न धरता अवघ्या एकोणीस जनावरांइतका धरावा लागतो (नर व मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करून चारने गुणावे आणि एकूण संख्येने भागावे). एवढा लहान कळप बंदिस्त राहिला तर दर पिढीला त्याची सुमारे अडीच टक्के विविधता गळते. मेंढपाळ बाहेरून नवा मेंढा आणतो त्यामागे हाच शहाणपणा आहे, गणित त्याने मांडलेले नसले तरी. कॅरिबूंमध्येही माजाच्या हंगामात थोडे बलवान नर अनेक माद्यांशी जुगतात, त्यामुळे मोजलेली डोकी आणि प्रत्यक्ष वारसा देणारी डोकी यांत मोठी तफावत पडते.

संख्या घटताक्षणी विविधता घटते असे मात्र नाही. कॅनडाच्या ईशान्येकडील जॉर्ज रिव्हर कळपात १९९० च्या दशकात सुमारे आठ लाख जनावरे होती आणि २०१८ पर्यंत ती दहा हजारांच्याही खाली आली. तरी अशा कळपात जुना साठा काही पिढ्या टिकतो. खरा धोका पिढ्यान्‌पिढ्या लहान आणि एकटे राहण्याचा आहे. उत्तर ध्रुवाकडच्या, नॉर्वेच्या स्वालबार बेटांवरचे आखूड पायांचे रेनडिअर याचे उदाहरण होय. ते मुळात समुद्राने तोडलेले, त्यात बेसुमार शिकार झाली. १९२५ मध्ये संरक्षण मिळाल्यावर त्यांची संख्या पुष्कळ वाढली, पण जनुकीय विविधता आजही अतिशय कमी आहे.

मग बाहेरून जनावरे का आणू नयेत? स्वालबारमध्येच १९७८ साली एका ओस पडलेल्या भागात त्याच बेटांवरच्या दुसऱ्या खोऱ्यातले रेनडिअर सोडले आणि ते रुजले. याउलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेकडून आणलेले कॅरिबू २०१२ मध्ये दक्षिणेच्या पर्सेल डोंगरांत सोडले, तेव्हा त्यांतले बहुतेक थोड्याच काळात मेले. दक्षिणेचे पहाडी कॅरिबू हिवाळ्यात खोल बर्फावर उभे राहून झाडांवर लोंबणारे दगडफूल खातात (आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच हे भाईबंद). पाहुण्या जनावरांना ही रीत आणि तो प्रदेश दोन्ही परके होते. यातले जन्मजात किती आणि आईमागे चालून शिकलेले किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. माझे मत विचाराल तर उपजातीचे नाव पाहून जनावरे हलवणे हा सर्वांत कच्चा मार्ग. कॅनडाच्या संकटग्रस्त वन्यजीवविषयक समितीनेही २०११ मध्ये देशातल्या कॅरिबूंचे १२ गट पाडताना केवळ उपजातींवर विसंबून न राहता वंश, वावर आणि वर्तन यांचा एकत्र विचार केला.

विविधतेचा आणखी एक उपयोग रोगाच्या वेळी कळतो. नॉर्वेच्या नूरफियेला भागात २०१६ साली रानटी रेनडिअरमध्ये हरणांचा प्राणघातक प्रायॉन-रोग (प्रायॉन नावाचे प्रथिन बिघडल्याने होणारा) सापडला, आणि तो पसरू नये म्हणून सुमारे दोन हजारांचा तो सगळा कळप मारावा लागला. प्रायॉन प्रथिनाच्या जनुकात थोडा फरक असलेल्या जनावरांना हा रोग होण्याची शक्यता कमी-अधिक असते. असा फरक कळपात शिल्लकच नसेल तर निवड कशातून होणार?

हे सगळे मोजण्यासाठी जनावर पकडावेच लागते असेही नाही. बर्फावर पडलेल्या लेंड्यांच्या वरच्या चिकट थरात आतड्याच्या पेशी असतात आणि गोठल्यामुळे त्या टिकतात; कॅनडात अशा लेंड्या वेचून कोणते जनावर कोणते, नर की मादी, हे ओळखले जाते.

आपल्या मुलीचा प्रश्न राहिला. चितळाचे नर शिंगांनी मादीसाठी झुंजतात, मादीला त्यांची गरज पडत नाही. रेनडिअरचे मोठे नर माज संपताच शिंगे टाकतात, आणि गाभण माद्या मात्र ती वसंतात वीण होईपर्यंत बाळगतात. बर्फ उकरून केलेल्या खड्ड्यातले दगडफूल दुसऱ्याने बळकावू नये म्हणून त्यांना ती भर हिवाळ्यात उपयोगी पडतात.